यंत्र अभियांत्रिकीची चार वर्षे: विषय अनेक, हिशेब मोजके

मेकॅनिकल शाखेत प्रवेश घेतलेल्या विद्यार्थ्याच्या हाती अभ्यासक्रमाची जी पुस्तिका येते, तिच्यात आठ सत्रांत विभागलेल्या विषयांची लांबलचक यादी असते आणि त्या विषयांचा एकमेकांशी काही संबंध असावा, असे त्यांच्या नावांवरून वाटत नाही. थर्मोडायनॅमिक्स, स्ट्रेंग्थ ऑफ मटेरियल्स, फ्लुइड मेकॅनिक्स, मेट्रॉलॉजी, मशीन डिझाइन अशी ही नावे असतात. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०१८ मध्ये जो आदर्श अभ्यासक्रम तयार केला, त्यात पदवीसाठी १६० श्रेयांक (क्रेडिट) धरले होते. आठवड्याला एक तास व्याख्यान म्हणजे एक श्रेयांक आणि एक तास प्रात्यक्षिक म्हणजे अर्धा, असे त्याचे गणित आहे. विद्यापीठागणिक विषयांची नावे आणि क्रम बदलतात, गाभा मात्र फारसा बदलत नाही.

या गाभ्यात तीन हिशेब आहेत. पहिला बलांचा आणि त्यांच्यामुळे बदलणाऱ्या गतीचा, दुसरा ऊर्जेचा आणि तिसरा वस्तुमानाचा. कोणताही हिशेब मांडण्यापूर्वी तो कोणाचा मांडायचा हे ठरवावे लागते. म्हणजे एखाद्या वस्तूभोवती, यंत्राच्या एका भागाभोवती किंवा नळीच्या एका तुकड्याभोवती मनाने एक सीमारेषा आखावी लागते आणि त्या रेषेतून आत काय येते व बाहेर काय जाते, याची नोंद करावी लागते. मेकॅनिक्समध्ये या कृतीला फ्री बॉडी डायग्राम म्हणतात, थर्मोडायनॅमिक्समध्ये सिस्टिम बाउंडरी आणि फ्लुइड मेकॅनिक्समध्ये कंट्रोल व्हॉल्यूम. तीन प्राध्यापक तीन सत्रांत तीन नावांनी हीच कृती शिकवतात. ती एकच आहे हे सहसा कोणी सांगत नाही, आणि माझ्या मते या पदवीतली निम्मी अडचण तिथेच आहे.

पहिले वर्ष बहुतेक ठिकाणी सर्व शाखांना जवळजवळ समान असते. गणित, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, मूलभूत विद्युत अभियांत्रिकी, थोडे प्रोग्रामिंग असे विषय त्यात येतात. मेकॅनिकलच्या दृष्टीने त्यातले दोन विषय पुढची तीन वर्षे पाठ सोडत नाहीत: इंजिनिअरिंग मेकॅनिक्स आणि ग्राफिक्स.

मेकॅनिक्समधले जुने उदाहरण घेऊ. गुळगुळीत भिंतीला टेकवून ठेवलेल्या शिडीवर चार बले असतात: शिडीचे वजन, भिंतीची आडवी प्रतिक्रिया, जमिनीची उभी प्रतिक्रिया आणि जमिनीवरचे घर्षण. वजन माहीत असते, उरलेली तीन बले शोधायची असतात, आणि समीकरणेही तीनच मिळतात: आडव्या बलांची बेरीज शून्य, उभ्या बलांची बेरीज शून्य, कोणत्याही एका बिंदूभोवतीच्या आघूर्णांची, म्हणजे बलांच्या वळवण्याच्या परिणामांची, बेरीज शून्य. हे गणित चुकते ते सहसा आकडेमोडीत चुकत नाही. शिडी भिंतीला जे ढकलते ते बल विद्यार्थी शिडीच्याच आकृतीत दाखवतो, कारण शिडी आणि भिंत यांना त्याने मनात वेगळे केलेले नसते. भिंत आकृतीतून पुसून टाकायची आणि तिच्या जागी फक्त तिचे बल ठेवायचे, ही सवय पहिल्या सत्रात लागली नाही, तर तिसऱ्या वर्षी गिअरबॉक्सच्या शाफ्टवरची (फिरत्या दांड्यावरची) बले काढताना तीच चूक पुन्हा होते; तेव्हा मात्र ती शोधायला फार वेळ लागतो.

ग्राफिक्सची, म्हणजे तांत्रिक आकृत्या काढण्याच्या विषयाची, बदनामी ड्रॉइंगच्या शीटमुळे झाली आहे. काचेखाली दिवा लावून मित्राची शीट गिरवण्याच्या उद्योगाला महाराष्ट्रातल्या वसतिगृहांत 'जीटी मारणे' म्हणतात आणि त्यात पारंगत झालेल्यांची संख्या कमी नाही. शीट मिळते, गुणही मिळतात. पण समोरून, वरून आणि बाजूने दिसणाऱ्या तीन सपाट आकृत्यांवरून मनात घनवस्तू उभी करण्याचे जे कौशल्य हा विषय देतो, ते काचेवर मिळत नाही. आपल्याकडे फर्स्ट अँगल पद्धत शिकवली जाते, म्हणजे वरून दिसणारे दृश्य समोरून दिसणाऱ्या दृश्याच्या खाली येते. अमेरिकेत थर्ड अँगल पद्धत चालते, तिथे ते वर येते. परदेशी ग्राहकाचे ड्रॉइंग हाती घेताना कोपऱ्यातले प्रोजेक्शनचे चिन्ह न पाहिल्यास भाग उलटा बनू शकतो, म्हणून कारखान्यात अनुभवी माणूस ड्रॉइंगचा कोपरा आधी पाहतो.

खरा उंबरठा दुसऱ्या वर्षी लागतो. डिप्लोमा पूर्ण करून थेट दुसऱ्या वर्षात येणारे विद्यार्थीही याच टप्प्यावर सामील होतात. त्यांनी लेथ, मिलिंग, ड्रॉइंग पाहिलेले असते, पण कॅल्क्युलसची बैठक बऱ्याचदा कच्ची असते. बारावीकडून आलेल्यांचे बरोबर उलट असते. दोघांनी शेजारी बसून अभ्यास करावा, असा हा काळ आहे.

स्ट्रेंग्थ ऑफ मटेरियल्स हा विषय बलांचा हिशेब वस्तूच्या आत नेतो. शिडीच्या गणितात शिडी वाकत नाही असे मानले होते. इथे ती किती वाकेल आणि कुठे मोडेल, हे विचारले जाते. एक स्टीलची पट्टी घ्या, २५ मिलिमीटर रुंद आणि १ मिलिमीटर जाड. ती आडवी धरून टोकाला बोट लावले की सहज वाकते. तीच धारेवर उभी धरली, तर बोटाने खाली दाबून वाकत नाही. पोलाद तेच, क्षेत्रफळही तेच. फरक पडतो तो पदार्थाची मांडणी मध्यरेषेपासून किती दूर आहे यामुळे, आणि वाकण्याला होणारा विरोध उंचीच्या घनाच्या प्रमाणात वाढत असल्याने हा फरक तब्बल ६२५ पट येतो. इमारतीतला लोखंडी गर्डर 'आय' अक्षराच्या आकाराचा का असतो, याचे उत्तर यातच आहे: जास्तीत जास्त पोलाद मध्यरेषेपासून दूर, वरच्या आणि खालच्या पट्ट्यांत ठेवायचे आणि मधे त्यांना जोडण्यापुरतेच ठेवायचे.

थर्मोडायनॅमिक्स ऊर्जेचा हिशेब शिकवते. चंद्रपूर किंवा कोराडीसारखे औष्णिक वीज केंद्र डोळ्यांसमोर आणा. सीमारेषा फक्त टर्बाइनभोवती आखली, तर एका बाजूने उच्च दाबाची वाफ आत येते, दुसऱ्या बाजूने थकलेली वाफ बाहेर जाते आणि दोन्हींच्या एन्थाल्पीतला (वाफेने सोबत वाहून नेलेल्या ऊर्जेतला) फरक शाफ्टवाटे कामाच्या रूपाने बाहेर पडतो. तीच रेषा मोठी करून बॉयलर, टर्बाइन, कंडेन्सर आणि पंप या सर्वांना कवेत घेणारी आखली, तर पाणी आणि वाफ आतल्या आतच फिरत राहतात. रेषेतून जाते-येते ती फक्त उष्णता आणि काम. एकाच केंद्राची ही दोन चित्रे दोन वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरे देतात, आणि परीक्षेतल्या प्रश्नाला कोणते चित्र लागेल, हे ओळखता आले की सूत्र आपोआप सुचते.

पहिला नियम हिशेब जुळला पाहिजे एवढेच सांगतो. विद्यार्थी बिचकतात ते दुसऱ्या नियमाला, कारण जुळणारे सर्व हिशेब प्रत्यक्षात घडू शकत नाहीत, असे तो म्हणतो. वाफेचे तापमान ५४० अंश सेल्सिअस आणि कंडेन्सरचे ४५ अंश धरू. केल्व्हिनमध्ये हे आकडे सुमारे ८१३ आणि ३१८ होतात. या दोन तापमानांमध्ये चालणारे कितीही आदर्श यंत्र बनवले, तरी घेतलेल्या उष्णतेपैकी सुमारे ६१ टक्क्यांपेक्षा जास्त भागाचे काम होऊ शकत नाही. ही मर्यादा कार्नो या फ्रेंच अभियंत्याने १८२४ मध्ये मांडलेल्या विचारातून आली आहे. प्रत्यक्षातली केंद्रे याच्या बरीच खाली, साधारण ३५ ते ४० टक्क्यांच्या घरात राहतात. कूलिंग टॉवरमधून बाहेर पडणाऱ्या उष्णतेकडे पाहून 'केवढी ही नासाडी' असे वाटणे साहजिक आहे, परंतु त्यातला मोठा भाग कोणाच्याही हलगर्जीपणामुळे जात नाही. तो निसर्गाने लावलेला कर आहे. या गणितात सेल्सिअसचे आकडे तसेच घातले, तर उत्तर जवळजवळ ९२ टक्के येते. ते पाहून ज्याला शंका येत नाही, त्याने सूत्र पाठ केले आहे, विषय वाचलेला नाही.

फ्लुइड मेकॅनिक्समध्ये हे हिशेब एकत्र येतात. कोयनेच्या पोफळी येथील भूमिगत विद्युतगृहात पेल्टन चाके, म्हणजे काठाला वाट्या बसवलेली आणि पाण्याच्या फवाऱ्याने फिरणारी चाके, आहेत आणि पाणी सुमारे ४७५ मीटर उंचीवरून त्यांच्यापर्यंत येते. नळातले घर्षण क्षणभर बाजूला ठेवले, तर ऊर्जेच्या हिशेबावरून नॉझलमधून सुटणाऱ्या फवाऱ्याचा वेग सेकंदाला सुमारे ९६ मीटर निघतो. आता प्रश्न असा की या फवाऱ्याने चाकाच्या वाट्या किती वेगाने फिराव्यात? वाटी जागच्या जागी अडकवून ठेवली, तर तिच्यावर बल भरपूर येईल, पण ती हलत नसल्याने काम शून्य. वाटी फवाऱ्याच्याच वेगाने पळू लागली, तर पाणी तिला गाठणारच नाही, म्हणजे बल शून्य आणि कामही शून्य. या दोन टोकांच्या मधे कुठेतरी सर्वाधिक शक्ती मिळायला हवी, आणि संवेगाचा (वस्तुमान गुणिले वेग याचा) हिशेब सांगतो की ती बरोबर निम्म्या वेगाला, म्हणजे सेकंदाला सुमारे ४८ मीटरला मिळते. तेव्हा वाटीच्या दृष्टीने पाणी ४८ मीटर वेगाने येते आणि जवळजवळ तेवढ्याच वेगाने मागे वळते. बाहेर उभ्या असलेल्या माणसाला मात्र ते वेग हरवून खाली पडताना दिसते, कारण आपली बहुतेक सर्व गतिज ऊर्जा ते चाकाला देऊन गेलेले असते. प्रत्यक्षात घर्षणामुळे हा वेग निम्म्यापेक्षा थोडा कमी ठेवतात. पाठ्यपुस्तकात हे सगळे एका ओळीच्या सूत्रात येते. त्या ओळीमागचे हे दोन प्रश्न विद्यार्थ्याने स्वतःला विचारले, तर टर्बोमशिन्सचा पुढचा सगळा विषय सोपा जातो.

याच वर्षी काइनेमॅटिक्स, मटेरियल सायन्स आणि गणिताचा तिसरा पेपर असतो. गणिताबद्दल एवढेच सांगतो की त्यातली डिफरन्शियल समीकरणे पुढे स्प्रिंगच्या कंपनात आणि गरम वस्तूच्या निवण्यात त्याच रूपात भेटतात, म्हणून तो पेपर 'काढून टाकण्याचा' नव्हे.

तिसऱ्या वर्षी मशीन डिझाइन येते आणि हुशार विद्यार्थीही गोंधळतात, कारण इथे पहिल्यांदाच एका प्रश्नाची अनेक बरोबर उत्तरे असतात. परीक्षेत डेटा बुक (सूत्रे आणि तक्त्यांचे पुस्तक) सोबत नेण्याची मुभा असते, काही किमती स्वतः गृहीत धराव्या लागतात, आणि शेजाऱ्याचा शाफ्ट २५ मिलिमीटर व आपला ३० मिलिमीटर येऊनही दोघांना पूर्ण गुण मिळू शकतात.

या शाफ्टवर थोडे थांबणे योग्य होईल, कारण तोवर शिकलेले बरेच काही त्यात येते. महाराष्ट्रातल्या कोणत्याही औद्योगिक वसाहतीतल्या मोटरची पाटी वाचली, तर तिच्यावर १४४० हा आकडा दिसण्याची शक्यता मोठी असते. तो मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांचा आकडा आहे. समजा, अशा मोटरवर पुली बसवली आहे आणि पट्टा शाफ्टला सतत खाली ओढतो आहे. ओढ स्थिर आहे, त्यामुळे शाफ्टवर काही बदलत नाही असे वाटते. पण शाफ्टच्या पृष्ठभागावर एक ठिपका काढून त्याचा प्रवास पाहिला, तर तो एकदा ताणल्या जाणाऱ्या बाजूला असतो आणि अर्ध्या फेरीनंतर दाबल्या जाणाऱ्या बाजूला. म्हणजे त्या ठिपक्याखालच्या पोलादावरचा ताण सेकंदाला २४ वेळा उलटसुलट होतो. तासाला ८६,४०० वेळा, आणि साडेअकरा तासांच्या आसपास दहा लाख वेळा.

दहा लाख या आकड्याला महत्त्व आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात रेल्वेच्या चाकांचे आस नेमून दिलेल्या भारापेक्षा बऱ्याच कमी भाराखालीही अचानक तुटत असत, आणि ऑगस्ट व्होलर या जर्मन अभियंत्याने फिरत्या आसांवर चाचण्या घेऊन दाखवले की वारंवार उलटणाऱ्या ताणाखाली पोलाद त्याच्या स्थिर ताकदीच्या बरेच खाली असतानाही तुटते. सर्वसाधारण पोलादाच्या बाबतीत मात्र ताणाची एक पातळी अशी असते की तिच्या खाली राहिल्यास दहा लाख आवर्तने सहन केलेला नमुना पुढे जवळजवळ कितीही काळ टिकतो. ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूंना अशी स्पष्ट पातळी नसते, म्हणून विमानाच्या भागांची आयुष्यमर्यादा ठरवून तपासणी करावी लागते. पोलादी शाफ्टचे आयुष्य एका दिवसाच्या आत या कसोटीवर येते, तेव्हा ती पार होण्याआधीच्या 'सध्या तर मोडला नाही' या दिलाशाला फारसा अर्थ नाही. तडा सुरू होतो तोही ठरावीक जागी, म्हणजे पुली शाफ्टला पक्की करणाऱ्या चावीच्या (की) खाचेच्या कोपऱ्यात किंवा जिथे व्यास एकदम बदलतो तिथे. म्हणून ड्रॉइंगमध्ये त्या कोपऱ्याला गोलाई दिलेली असते. लेथवर काम करणाऱ्याने घाईत ती गोलाई सोडून कोपरा धारदार ठेवला, तर डिझाइन करणाऱ्याचे सगळे गणित वाया जाते.

आता समजा, या सर्व हिशेबातून व्यास २३.४ मिलिमीटर निघाला. तसा शाफ्ट कोणी बनवत नाही, कारण त्यावर बसणारे बेअरिंग बाजारात मिळाले पाहिजे. ६२०५ क्रमांकाच्या बेअरिंगचे भोक २५ मिलिमीटरचे असते. शेवटचे दोन अंक ०४ किंवा त्याहून मोठे असतील, तर त्यांना पाचाने गुणले की भोकाचा व्यास मिळतो, ही खूण बेअरिंगच्या दुकानात बसणारा मुलगाही जाणतो. म्हणून शाफ्ट २५ मिलिमीटरचा होतो.

'२५ मिलिमीटर' म्हणजे तरी काय, हा मेट्रॉलॉजीचा, म्हणजे मोजमापशास्त्राचा, प्रश्न आहे. बरोबर २५ मिलिमीटरची वस्तू आजवर कोणी बनवलेली नाही; बनते ती दोन मर्यादांच्या आत. बुशमध्ये (भोक असलेल्या नळीवजा भागात) मोकळेपणाने सरकणाऱ्या पिनेचे उदाहरण घेतले, तर आंतरराष्ट्रीय मानकातल्या एका नेहमीच्या जोडीनुसार बुशचे भोक २५.००० ते २५.०२१ मिलिमीटर आणि पिन २४.९८० ते २४.९९३ मिलिमीटर असावी लागते. कोणतीही पिन कोणत्याही बुशमध्ये घातली, तरी मधली फट कमीत कमी ७ आणि जास्तीत जास्त ४१ मायक्रॉन (मिलिमीटरचे हजारावे भाग) राहते, म्हणून एका गावात बनलेली पिन दुसऱ्या गावात बनलेल्या बुशमध्ये न घासता बसते. पिनेला दिलेली सूट फक्त १३ मायक्रॉनची आहे, आणि कॉलेजच्या प्रयोगशाळेतला नेहमीचा व्हर्नियर २० मायक्रॉनपेक्षा बारीक वाचू शकत नाही. त्या व्हर्नियरने ही पिन पास किंवा नापास करणे निरर्थक आहे. त्यासाठी गो आणि नो-गो गेज (एक मापक भागावर बसला पाहिजे, दुसरा बसता कामा नये) किंवा त्याहून बारीक वाचणारे साधन लागते. प्रयोगांचे जर्नल पूर्ण करताना 'लीस्ट काउंट' (साधन वाचू शकते ते सर्वात लहान माप) या रकान्यात जो आकडा न वाचता उतरवला जातो, त्याचा अर्थ एवढा आहे.

इथे थोडे विषयांतर. पुण्यातले अभियांत्रिकी महाविद्यालय १८५४ मध्ये ज्या नावाने सुरू झाले, त्यात 'इंजिनिअरिंग क्लास' आणि 'मेकॅनिकल स्कूल' असे दोन्ही शब्द होते, आणि मुंबईत १८८७ मध्ये सुरू झालेल्या, आज वीरमाता जिजाबाई यांचे नाव धारण करणाऱ्या तंत्रसंस्थेमागे गिरण्यांना प्रशिक्षित माणसे हवी होती. हाताने काम करणे हा या शिक्षणाचा पाया होता. आजही पहिल्या वर्षी फिटिंग आणि सुतारकामाचे तास असतात, पण बहुतेकांच्या दृष्टीने ते कानशीने घासून घामाघूम होण्यापलीकडे जात नाहीत. चौकोनी तुकडा काटकोनात आणायला किती श्रम पडतात, हे अंगाला कळलेल्या माणसाने ड्रॉइंगवर विनाकारण बारीक टॉलरन्स (मापातली सूट) लिहू नये, हा त्या घामाचा हेतू आहे. प्रत्येक मायक्रॉनची किंमत कारखाना मोजत असतो.

परीक्षापद्धती या सगळ्या साखळीच्या आड येते, हेही स्पष्ट लिहिले पाहिजे. विषयाचे पाच-सहा युनिट असतात, प्रश्नपत्रिकेत पर्याय असतात आणि एखादे युनिट 'ऑप्शनला टाकणे' हा रूढ मार्ग आहे. विषय सुटतो, पण टाकलेले युनिट पुढच्या विषयाचा पाया असू शकते. स्ट्रेंग्थमध्ये बेंडिंग (वाकणे) आणि टॉर्शन (पिळले जाणे) टाकणाऱ्याला मशीन डिझाइनमधला शाफ्ट कळणार नाही. थर्मोमध्ये एन्ट्रॉपी टाकणाऱ्याला रेफ्रिजरेशन आणि पॉवर प्लांट दोन्ही परके वाटतील. वेळ कमी असेल आणि काहीतरी टाकणे भागच असेल, तर वर्गीकरण आणि आकृत्या असलेली वर्णनात्मक युनिटे टाकावीत, कारण ती नंतर दोन संध्याकाळी वाचून होतात; हिशेबाची युनिटे तशी होत नाहीत. माझा हा सल्ला गुणांच्या दृष्टीने कदाचित तोट्याचा ठरेल.

शेवटच्या वर्षी फायनाइट एलिमेंट पद्धत शिकवली जाते आणि संगणकावर रंगीत चित्रे येऊ लागतात. सॉफ्टवेअर वस्तूचे हजारो तुकडे करते आणि प्रत्येक तुकड्याभोवती सीमारेषा आखून बलांचा तोच हिशेब मांडते. भाग कुठे पकडला आहे आणि भार कुठे आहे, हे त्याला माणसाने सांगायचे असते. चुकीचे सांगितले तरी चित्र तितकेच सुंदर येते. म्हणून साध्या आकाराचे उत्तर आधी हाताने काढून संगणकाच्या उत्तराशी ताडून पाहण्याची सक्ती काही शिक्षक करतात, आणि ती योग्य आहे.

प्रकल्पाबद्दल विद्यार्थी सर्वात जास्त विचारतात आणि सर्वात कमी विचार करतात. मोठ्या शहरांत प्रकल्प तयार विकत मिळतात, तोंडी परीक्षेत उत्तरे कोणती द्यायची हेही विक्रेता सांगतो. त्यापेक्षा कोल्हापूरच्या फाउंड्रीतला, चाकण किंवा वाळूजच्या कारखान्यातला, नाहीतर गावातल्या वर्कशॉपमधला एखादा छोटा प्रश्न घ्यावा: विशिष्ट कास्टिंगमध्ये एकाच जागी पोकळी का राहते, एखादा फिक्स्चर (काम घट्ट पकडून ठेवणारा साचा) बदलताना एवढा वेळ का जातो, ऊस गुऱ्हाळाच्या चरकाचा शाफ्ट दर हंगामात एकाच ठिकाणी का तुटतो. या तिसऱ्या प्रश्नासाठी लागणारे सर्व काही या लेखात येऊन गेले आहे. तुटलेल्या शाफ्टचा काप हाती घेऊन पाहिला, तर त्यावर बहुधा दोन भाग दिसतात: तडा हळूहळू सरकत गेला तो गुळगुळीत भाग, कधी कधी वळ्या असलेला, आणि उरलेले पोलाद भार न पेलवून एका झटक्यात तुटले तो खडबडीत भाग. खडबडीत भाग लहान असेल तर शाफ्टवर भार फार नव्हता, तडा कोपऱ्यातून सुरू झाला आणि व्यास वाढवण्याऐवजी गोलाई वाढवून भागू शकते. तो मोठा असेल तर भारच जास्त होता, आणि चरकात एका वेळी किती ऊस घातला जातो, इथून मोजमाप सुरू करावे लागेल.